मायक्रोवेव्ह प्लाझ्माचं मॉडेल अडलं की काय तपासायचं, आणि कोणत्या क्रमानं

मागच्या मे महिन्यात रात्री साडेदहाला परभणीहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती मायक्रोवेव्हनं पेटवलेल्या प्लाझ्माचं, म्हणजे आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन असलेल्या वायूचं, संगणकावरचं मॉडेल चालवत होती. अशा मॉडेलात सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, काळात छोट्या पावलांनी (टाइम स्टेप) पुढं जातो. "सर, टाइम स्टेप १०^-१४ सेकंदावर जाऊन बसलीय. काल सकाळपासून मशीन चालू आहे, पण गाडी पुढं सरकेना. दुसरा कोणता सॉल्व्हर टाकून बघू?"

मी विचारलं, "इलेक्ट्रॉन घनता किती आलीय?" ती गप्प. "प्लाझ्मात पॉवर किती शोषली जातेय?" परत गप्प. "बरं, क्रिटिकल घनता किती आहे, ते तरी सांग." त्यावर म्हणाली, "ते सॉफ्टवेअर काढतं ना सर?"

असे फोन मला अधूनमधून येतात आणि जवळपास सगळे सॉल्व्हरपासूनच सुरू होतात. माझा अनुभव असा, की सॉल्व्हर हा घरातला सगळ्यात गरीब माणूस. चूक कुणाचीही असो, ओरडा त्यालाच बसतो. म्हणून या लेखात त्याचा नंबर बराच उशिरा येईल. तोपर्यंत मॉडेल सुटं करायचं, एकेक भाग वेगळा चालवून बघायचा आणि मग परत जोडायचा. आपल्याकडं कॉलेजात सॉफ्टवेअरची लायसन्स मोजकी असतात आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनासारखी पाळी लावून वापरावी लागतात. आपली पाळी आली आणि चारीच फुटलेली निघाली, तर पाणी भलत्याच वावरात जातं. त्यामुळं लायसन्स हातात यायच्या आधी जेवढं कागदावर उरकेल तेवढं उरकावं.

उदाहरण एकच धरू. क्वार्ट्झची नळी, आतला व्यास १० मिलिमीटर. आत आरगॉन, दाब १ टॉर म्हणजे १३३ पास्कल. फ्रिक्वेन्सी २.४५ गिगाहर्ट्झ. नळीभोवती सर्फाट्रॉनसारखा लाँचर, म्हणजे मायक्रोवेव्हची लाट नळीच्या पृष्ठभागावरून सोडणारा भाग. रचना अक्षाभोवती सममित आहे, म्हणून द्विमितीय अक्षसममित मॉडेल पुरतं. कॉमसॉल हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर वापरा किंवा दुसरं काही, आत समीकरणं तीच असतात: इलेक्ट्रॉनची घनता, इलेक्ट्रॉनची ऊर्जा, आयन आणि उत्तेजित अणू, पॉयसनचं समीकरण (विद्युतभारावरून व्होल्टेज काढणारं), आणि मायक्रोवेव्हचं लहर समीकरण. पहिली चार काळात पुढं सरकतात, पाचवं फ्रिक्वेन्सी डोमेनमध्ये, म्हणजे काळाऐवजी एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला, सुटतं. अडचणी बहुतेक या दोघांच्या सांध्यावर असतात.

आधी कागद

पहिला आकडा क्रिटिकल घनता. फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ०.०१२४ ने गुणा. प्रति घनमीटर इलेक्ट्रॉन मिळतात. २.४५ गिगाहर्ट्झसाठी हा आकडा ७.४ × १०^१६ येतो. ९१५ मेगाहर्ट्झला तो १.०४ × १०^१६ वर उतरतो. घनता याच्या खाली असेल तर लाट प्लाझ्मातून आरपार जाते. वर गेली की प्लाझ्मा धातूसारखा वागायला लागतो, लाट थोडी आत शिरते आणि विझते.

सर्फाट्रॉनला आणखी एक उंबरठा असतो. लाट नळीच्या पृष्ठभागावरून चालायला हवी असेल, तर घनता क्रिटिकलच्या 'एक अधिक क्वार्ट्झची परमिटिव्हिटी' इतक्या पटीहून जास्त लागते. परमिटिव्हिटी म्हणजे पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचं माप. क्वार्ट्झची परमिटिव्हिटी ३.७८ धरली तर ४.७८ पट, म्हणजे सुमारे ३.६ × १०^१७. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसरा आकडा कोलिजन फ्रिक्वेन्सी, म्हणजे एका इलेक्ट्रॉनच्या सेकंदाला होणाऱ्या टकरी. आरगॉनसाठी इलेक्ट्रॉन मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात तो किती सहज सरकतो ते) आणि वायूची घनता यांचा गुणाकार एसआय एककांत ४ × १०^२४ धरण्याचा प्रघात आहे. ३०० केल्व्हिनला १ टॉरमध्ये वायूची घनता ३.२ × १०^२२. त्यावरून मोबिलिटी १२४ निघते आणि कोलिजन फ्रिक्वेन्सी साधारण १.४ × १०^९ प्रति सेकंद. आरगॉनमध्ये ती इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेनुसार बरीच बदलते, पण अंदाजाला एवढं पुरतं. आता लाटेची कोनीय फ्रिक्वेन्सी बघा: १.५४ × १०^१०. म्हणजे लाट एक आवर्तन पुरं करते तोवर इलेक्ट्रॉनची टक्कर जेमतेम होते, न होते. दोघांचं गुणोत्तर ०.०९. ते एकच्या आसपास यायला दाब ११ टॉरपर्यंत न्यावा लागेल. हे गुणोत्तर पुढं एका मोठ्या दुखण्याचं मूळ ठरणार आहे.

तिसरं, अंतरं. घनता ५ × १०^१७ आणि इलेक्ट्रॉन तापमान २ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरलं तर डिबाय लांबी (एवढ्या अंतरात प्लाझ्मा विद्युतभार झाकून टाकतो) १५ मायक्रोमीटर येते आणि लाट प्लाझ्मात शिरण्याची खोली साडेसात मिलिमीटर. हवेत तरंगलांबी १२.२ सेंटिमीटर. म्हणजे एकाच चित्रात १२ सेंटिमीटर आणि १५ मायक्रोमीटर दोन्ही सांभाळायचे आहेत.

चौथा आकडा वेळ. नळीची त्रिज्या भागिले २.४०५, म्हणजे २.१ मिलिमीटर ही विसरणाची लांबी. १ टॉरमध्ये आरगॉन आयनची मोबिलिटी ०.१३ च्या आसपास असते. त्यावरून द्विध्रुवी विसरणाचा (इलेक्ट्रॉन आणि आयन मिळून भिंतीकडं पसरण्याचा) काळ सुमारे १७ मायक्रोसेकंद निघतो. वायू तापायला याच नळीत काही दशांश मिलिसेकंद लागतात, आणि क्वार्ट्झ तापायला सेकंद ते मिनिटं. तेव्हा १ मायक्रोसेकंदापर्यंत सोडवून 'स्थिर अवस्था आली' असं कुणी म्हणत असेल, तर त्याला प्रेमानं परत पाठवावं.

एवढं करायला अर्धा तास लागतो आणि लायसन्स लागत नाही.

लाट एकटी

आता प्लाझ्माची समीकरणं बंद करा. नळीत हातानं ठरवलेली एकसारखी घनता भरा, ५ × १०^१७, आणि कोलिजन फ्रिक्वेन्सी १.४ × १०^९. फक्त फ्रिक्वेन्सी डोमेन चालवा. काही सेकंदांत उत्तर येतं, त्यामुळं इथं कंटाळा करायला कारण नाही.

पहिली तपासणी परमिटिव्हिटीची. या आकड्यांना वास्तव भाग उणे ५.७ आणि काल्पनिक भाग ०.६ च्या आसपास यायला हवा. काल्पनिक भागाचं चिन्ह सॉफ्टवेअर काळाचा घातांक अधिक धरतं की उणे, त्यावर ठरतं. अभियांत्रिकीची पुस्तकं सहसा अधिक घेतात, भौतिकशास्त्राची बरीच पुस्तकं उणे. सूत्र एका पुस्तकातून उचललं आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या पद्धतीचं निघालं, तर प्लाझ्मा ऊर्जा शोषायच्या ऐवजी ओकायला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: पोर्टवर (मॉडेलमध्ये लाट शिरते त्या तोंडावर) परावर्तित पॉवर आत जाणाऱ्या पॉवरपेक्षा जास्त दिसते. तसं दिसलं की चिन्ह उलटं टाका आणि पुढं चला.

दुसरी तपासणी पॉवरची. अक्षसममित मॉडेलमध्ये सॉफ्टवेअर पूर्ण गोल फिरवून पॉवर मोजतं, तिथं सहसा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो सपाट द्विमितीय मॉडेलमध्ये, कारण तिथं कागदाआडची जाडी १ मीटर धरली जाते. समजा, डब्ल्यूआर-३४० वेव्हगाइडचा रुंद बाजूनं छेद घेतला. त्याची मापं ८६.३६ गुणिले ४३.१८ मिलिमीटर, म्हणजे इथं खरी खोली ४३.१८ मिलिमीटर. पोर्टवर ५०० वॉट लिहिले तर तुमच्या वेव्हगाइडच्या वाट्याला फक्त २१.६ वॉट येतात. मग प्लाझ्मा पेटत नाही आणि शिव्या केमिस्ट्रीला पडतात.

तिसरी गोष्ट कोपरे. लाँचरच्या फटीत धातूची टोकदार कड असेल, तर तिथं विद्युतक्षेत्र जाळी (मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे घटकांत, विभागलेलं असतं ती) बारीक करत जाल तसं वाढतच जातं. प्रत्यक्षात लेथवरून उतरलेली कड एवढी धारदार नसतेच. ०.२ ते ०.५ मिलिमीटरचा गोलवा द्या.

घनता १०^१६, १०^१७, ५ × १०^१७, १०^१८ अशी बदलत प्रत्येक वेळी परावर्तन लिहून घ्या. कोणत्या घनतेला लाँचर जुळतो आणि कोणत्या घनतेला सगळी पॉवर परत फेकतो, हे या चार ओळींच्या तक्त्यावरून आधीच कळतं. पुढं पूर्ण मॉडेल एखाद्या ठिकाणी घुटमळायला लागलं, तर हाच तक्ता उघडून बसायचं.

प्लाझ्मा एकटा

आता उलट करा. लाट बंद. तिच्या जागी इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या समीकरणात हातानं उष्णता द्या: नळीच्या मधोमध घंटेच्या आकाराचा स्रोत, एकूण ५० वॉट. त्याच्याही आधी, जमलं तर, शून्यमितीय मॉडेल चालवा. तिथं जागा नाही, फक्त काळ आणि रासायनिक क्रिया. केमिस्ट्रीतली चूक तिथं दोन मिनिटांत उघडी पडते, त्रिमितीय मॉडेलात तिला दोन आठवडे लागतात.

आरगॉनची साधी यादी अशी: लवचीक टक्कर, ११.५ इलेक्ट्रॉनव्होल्टचं उत्तेजन, त्याची उलटी क्रिया, १५.८ इलेक्ट्रॉनव्होल्टचं आयनीकरण, उत्तेजित अणूपासून सुमारे ४.२ इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये होणारं पायरीचं आयनीकरण, दोन उत्तेजित अणूंची पेनिंग क्रिया (दोघं आपटून एकाचा आयन होतो), आणि उत्तेजित अणूचं साध्या अणूवर आपटून शांत होणं. भिंतीवर आयन आणि उत्तेजित अणू दोन्ही परत साधा आरगॉन होतात. क्रॉस सेक्शन (कोणती टक्कर किती संभवते त्याची मापं) एलएक्सकॅट या वेबसाइटवर फुकट मिळतात, त्यांवरून वेगांक (क्रिया किती वेगानं चालते तो आकडा) काढायला बोल्सिग प्लस हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. दोन्हींसाठी ना लायसन्स लागतं, ना भारी मशीन.

एलएक्सकॅटवरून फाइल उतरवताना एक गोष्ट नक्की बघा: पहिला क्रॉस सेक्शन 'इलॅस्टिक' आहे की 'इफेक्टिव्ह'. इफेक्टिव्हमध्ये उत्तेजन आणि आयनीकरणाचा वाटा आधीच मिसळलेला असतो. त्याला इलॅस्टिक समजून यादीत टाकलं तर तोच हिशेब दोनदा लागतो. इलेक्ट्रॉन आणि अणूच्या वस्तुमानाचं गुणोत्तरही बघा, आरगॉनसाठी १.३७ × १०^-५.

आणि आता एककं. जड कणांच्या क्रियांचे वेगांक शोधनिबंधात घनसेंटिमीटर प्रति सेकंदात असतात. सॉफ्टवेअरला मात्र बहुधा घनमीटर प्रति मोल प्रति सेकंद लागतं. पेनिंग क्रियेचा ६.२ × १०^-१० हा आकडा घ्या. त्याला आधी १०^-६ ने गुणायचं, म्हणजे घनमीटर होतात, मग अव्होगॅड्रो अंकानं, ६.०२२ × १०^२३ ने. उत्तर ३.७ × १०^८. परभणीच्या विद्यार्थिनीनं अव्होगॅड्रोनं गुणलं होतं, पण घनसेंटिमीटरचे घनमीटर करायचे राहून गेले होते. क्रिया दहा लाख पट वेगानं चालत होती. उत्तेजित अणू जन्मला की लगेच आयन. अशा क्रियेचा पाठलाग करायचा तर टाइम स्टेपला १०^-१४ वर उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि सॉल्व्हर बिचारा इमानदारीनं तेच करत होता. तिनं तोवर तीन सॉल्व्हर बदलले होते.

या टप्प्यावर आणखी दोन बारीक गोष्टी. एक, जड कणांपैकी एकाची घनता 'उरलेलं वस्तुमान' म्हणून काढायची असते, तो साधा आरगॉन असावा. आणि आयनची सुरुवातीची घनता विद्युत उदासीनतेवरून ठरू द्यावी. दोन्ही आकडे हातानं भरले आणि ते जुळले नाहीत, तर पहिल्याच पावलाला 'फेल्ड टू फाइंड कन्सिस्टंट इनिशियल व्हॅल्यूज' हा संदेश ठरलेला. दोन, मायक्रोवेव्ह प्लाझ्मात इलेक्ट्रोड नसतो, त्यामुळं कुठंच ग्राउंड द्यायचं सुचत नाही. पॉयसनच्या समीकरणाला एखादी जागा तरी शून्य व्होल्टची लागते. ती नसेल तर उत्तर तरंगत राहतं आणि मॅट्रिक्स सिंग्युलर निघतं. क्वार्ट्झवर पृष्ठभार साठण्याची अट द्या, कुठल्या तरी धातूला ग्राउंड द्या.

५० वॉटला इलेक्ट्रॉन तापमान एक ते तीन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात येऊन बसलं आणि घनता काही दशक मायक्रोसेकंदांत स्थिरावली, की हा भाग झाला.

दोघांची गाठ

जोडताना बहुतेकांना घाई होते. प्रयोगात मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह देणारं यंत्र) ३०० वॉटवर असतो म्हणून मॉडेलमध्येही पहिल्या क्षणापासून ३०० वॉट. नाथसागराचे दरवाजे असे कुणी उघडत नाही. आधी अर्धा फूट, खालच्या गावांना निरोप, मग पुढचं. पॉवर १ वॉटपासून सुरू करा आणि पहिल्या १०-२० मायक्रोसेकंदांत गुळगुळीत फलनानं पूर्ण पॉवरपर्यंत न्या.

सुरुवातीची इलेक्ट्रॉन घनता हा वादाचा विषय आहे. काहीजण 'पेटण्यापासून बघू' म्हणून १०^१२ किंवा १०^१३ टाकतात. त्या घनतेला लाटेच्या दृष्टीनं नळी रिकामीच. पॉवर खायला कुणी नसतं, क्षेत्र वाढत जातं, आणि आहेत त्या चार इलेक्ट्रॉनांवर सगळा भार येतो. सरासरी ऊर्जा शेकडो इलेक्ट्रॉनव्होल्टवर जाते, वेगांकांच्या तक्त्याबाहेर पडते आणि मॉडेल कोसळतं. प्लाझ्मा पेटणं हाच तुमचा विषय नसेल, तर मी १०^१७ च्या आसपास सुरू करायला सांगतो, नळीत सगळीकडं एकसारखी, फार तर टोकांकडं हळूहळू उतरती. क्रिटिकलच्या वरून सुरुवात केली की संपूर्ण नळी एकाच वेळी ७.४ × १०^१६ चा आकडा ओलांडत नाही. तो ओलांडण्याचा क्षण फार वाईट असतो. का, ते आता बघू.

घनतेची ती रेषा

या विषयातलं खरं दुखणं इथं आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

नळीच्या मध्यावर घनता क्रिटिकलच्या वर, भिंतीजवळ खाली. म्हणजे मध्ये कुठंतरी एक पातळ पापुद्रा असतो जिथं घनता बरोबर क्रिटिकल असते. तिथं परमिटिव्हिटीचा वास्तव भाग शून्य होतो, फक्त टकरींमुळं आलेला काल्पनिक भाग उरतो, आणि तो आपल्या उदाहरणात ०.०९ आहे. विद्युतक्षेत्राचा पापुद्र्याला लंब असलेला घटक घ्या. परमिटिव्हिटी गुणिले क्षेत्र हा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा राहावा लागतो. परमिटिव्हिटी एकवरून ०.०९ वर आली म्हणजे क्षेत्र ११ पट झालं. उष्णता क्षेत्राच्या वर्गावर चालते, म्हणजे शंभरपटीच्या पुढं. दाब ०.१ टॉर केला तर क्षेत्रच ११० पट.

हा पापुद्रा किती जाड? घनता जेवढ्या अंतरात लक्षणीय बदलते, त्याच्या साधारण ०.०९ पट. भिंतीजवळ घनता १ मिलिमीटरमध्ये उतरत असेल, तर जाडी ०.०९ मिलिमीटर. आणि तुमची जाळी तिथं ०.५ मिलिमीटरची. म्हणजे शंभरपट उष्णतेचा डोंगर एका घटकाच्या पोटात. घनता किंचित हलली की डोंगर उडी मारून शेजारच्या घटकात जातो. तिथं आयनीकरण वाढतं, घनता परत हलते, डोंगर परत उडी मारतो. सॉल्व्हर प्रत्येक उडीला टाइम स्टेप कापत राहतो.

ओळखायचं कसं? जिथं थांबलं त्या वेळेचा उष्णतेचा नकाशा काढा आणि त्यावर ७.४ × १०^१६ ची समघनता रेषा चढवा. उष्णता रेषेवर सलग पट्ट्यासारखी दिसली तर ठीक. मण्यांच्या माळेसारखी, प्रत्येक घटकात एक ठिपका अशी दिसली, तर रोग सापडला.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. पहिला, त्या पट्ट्यात जाळी ०.०३ मिलिमीटरपर्यंत बारीक करा. रेषा नेमकी कुठं येईल हे आधी माहीत नसतं, म्हणून भरड जाळीवर एकदा जेमतेम चालवा, रेषा बघा, तो पट्टा थोड्या रुंदीनं बारीक करा, परत चालवा. दुसरा, कोलिजन फ्रिक्वेन्सीत थोडी कृत्रिम भर घाला. कोनीय फ्रिक्वेन्सीचा विसावा भाग, म्हणजे ७.७ × १०^८, ही नेहमीची सुरुवात. पापुद्रा रुंद होतो, डोंगर बुटका होतो, हिशेब चालू लागतो.

पण ही भर म्हणजे उधारी आहे. १ टॉरला खरी कोलिजन फ्रिक्वेन्सी १.४ × १०^९ असताना ७.७ × १०^८ ची भर सोसवते. ५० मिलिटॉरला खरी ७ × १०^७ आणि भर तिच्या ११ पट. तिथं तुम्ही बघताय तो प्लाझ्मा बराचसा त्या भरीनंच बनवलेला असतो. म्हणून भर दहावा भाग, विसावा, चाळिसावा अशी बदलून बघा. एकूण शोषलेली पॉवर आणि मधली कमाल घनता फारशी हलली नाही तर उत्तर वापरण्याजोगं. हलली तर ती गोष्ट प्रबंधात स्पष्ट लिहा. परीक्षकाला आपणहून सांगितलेलं बरं.

क्षेत्र छेदाला लंब असलेल्या, म्हणजे कागदातून वर येणाऱ्या मॉडेलमध्ये हे सगळं होत नाही, कारण तिथं क्षेत्र घनतेच्या उताराला समांतर कधीच नसतं. अशी मॉडेलं पहिल्या झटक्यात चालतात. ती चालली म्हणून सर्फाट्रॉनचंही तसंच चालेल असं समजू नका.

जाळी

पैठणीत कलाकुसर काठ-पदराला असते, अंगात मोकळी बुट्टी. जाळीचंही तसंच ठेवा. नळीच्या आतल्या भिंतीलगत आठ-दहा थर, पहिला काही मायक्रोमीटरचा, पुढचा प्रत्येक थर सव्वापट. क्रिटिकल रेषेचा पट्टा बारीक. बाकी हवेत आणि क्वार्ट्झमध्ये मोकळी जाळी चालते; क्वार्ट्झमध्ये तरंगलांबी ६.३ सेंटिमीटर असते, तिला दहा घटक दिले तरी खूप झाले. सगळीकडं एकसारखी बारीक जाळी म्हणजे १६ जीबी रॅमच्या मशीनवर अन्याय.

सॉल्व्हर, आता

वेळा घातांकी घ्या: १०^-८ पासून १०^-२ सेकंदापर्यंत, प्रत्येक दशकात आठ-दहा. पहिली टाइम स्टेप १०^-१२ किंवा १०^-१३. अरेखीय सॉल्व्हरमध्ये जेकोबियन (कोणता चल हलला की कोणतं समीकरण किती हलतं त्याचा तक्ता) प्रत्येक आवर्तनाला नव्यानं काढू द्या; वेळ जातो, पण अडणं कमी होतं. मशीनची रॅम पुरत असेल तर द्विमितीय मॉडेलला सगळी समीकरणं एकत्र, डायरेक्ट सॉल्व्हरनं सोडवा. पार्डिसो घ्या किंवा मम्प्स, फरक सहसा वेगाचा पडतो. एकानं अडलं आणि दुसऱ्यानं सुटलं असं झालं, तर आनंद मानण्याआधी मॉडेलकडं संशयानं बघा.

इलेक्ट्रॉन घनता लॉगरिदममध्ये सोडवली जाते, त्यामुळं ती ऋण होत नाही. पण प्लाझ्मापासून लांबच्या कोपऱ्यात घनता शून्याकडं निघाली की लॉगरिदम उणे अनंताकडं धावतो आणि गाडी तिथं रुतते. यासाठी सॉफ्टवेअरात स्रोत स्थिर करण्याचा पर्याय असतो, तो अगदी थोडे इलेक्ट्रॉन टाकत राहतो. चालू करा, पण सगळ्या चुका झाकायला वापरू नका. नळीच्या ज्या टोकाला प्लाझ्मा पोचतच नाही, ते टोक मॉडेलमधून सरळ कापलं तर जास्त बरं.

'रिपीटेड एरर टेस्ट फेल्युअर्स' दिसलं की कोणता चल आणि कोणत्या जागी बिघडला ते शोधा. अडलेल्या वेळेचं उत्तर उघडा, प्रत्येक चलाची कमाल आणि किमान किंमत कुठं आहे ते बघा. टोकदार कोपऱ्यावर असेल तर गोलवा राहिलाय. क्रिटिकल रेषेवर असेल तर वर सांगितलंच. नळीच्या रिकाम्या टोकाला असेल तर लॉगरिदम. सगळ्या नळीभर एकदम असेल तर केमिस्ट्री.

लोडशेडिंगबद्दल वेगळं लिहायला नको, पण लिहितो. उन्हाळ्यात डीपी जळाली की गावाकडं दोन दिवसही लाइट नसते. इन्व्हर्टर वर्कस्टेशनला फार वेळ साथ देत नाही. रिकव्हरी फाइल चालू ठेवा आणि लांबचं गणित एका दमात न लावता तीन टप्प्यांत लावा: १०^-६ पर्यंत, मग त्या उत्तरावरून १०^-४, मग १०^-२. पहिला टप्पा बिघडला तर पुढच्या दोघांची वाट बघावी लागत नाही, हा वरचा फायदा.

उत्तर आलं, पण खरं आहे का

गणित पुरं झालं की सगळ्यात आधी पॉवरचा ताळेबंद. पोर्टमधून गेलेली वजा परत आलेली पॉवर आणि इलेक्ट्रॉननी शोषलेली उष्णता यांत एखाद्या टक्क्याहून जास्त फरक नको; बाकीच्या ठिकाणी तोटा धरला असेल तर तो आधी वजा करा. मी स्वतः शिकत असताना याच ठिकाणी अकरा दिवस घालवले. शोषलेली पॉवर गेलेल्या पॉवरशी जुळेचना. शेवटी कळलं की अक्षसममित मॉडेलमध्ये उष्णतेची बेरीज करताना २π गुणिले त्रिज्येनं गुणायची चौकट टिक करायची राहिली होती. मॉडेल पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. शिखर मूल्य की आरएमएस हा घोटाळाही इथंच सापडतो: बरोबर दुपटीचा फरक दिसला की समजायचं.

मग वायूचं तापमान. मॉडेलमध्ये ३०० केल्व्हिन कायम ठेवलं असेल, तर १ टॉरच्या पुढं उत्तरावर विश्वास ठेवू नका. वायू तापून ९०० केल्व्हिनला गेला तर त्याच दाबाला घनता एक तृतीयांश होते, टकरी एक तृतीयांश होतात, आणि वर कागदावर काढलेला कोलिजन फ्रिक्वेन्सीचा आकडा बदलतो. उष्णतेचं समीकरण जोडा, पण आधी स्थिर तापमानाचं उत्तर मिळवून त्यावरून पुढं चला.

इलेक्ट्रॉनांचं ऊर्जा वितरण मॅक्सवेलियन (समतोलातल्या वायूसारखं) धरलं की बोल्सिगमधून घेतलं, यानं आरगॉनमध्ये आयनीकरणाचा वेग बराच बदलतो, कारण १५.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर वितरणाची शेपटीच तेवढी उरते. दोन्हींनी एकेकदा चालवा.

शेवटची गोष्ट, जिला बरेचजण चूक समजतात. पॉवर कमी करत गेलात की एका ठिकाणी प्लाझ्मा पटकन विझतो आणि मॉडेल बंद पडतं. वहीचं पहिलं पान काढा: ३.६ × १०^१७. त्याच्या खाली पृष्ठलाट चालतच नाही, म्हणजे त्या पॉवरला पेटलेली स्थिर अवस्था अस्तित्वातच नसू शकते. सॉल्व्हर नसलेली गोष्ट शोधत फिरतो. खात्री करायला पॉवर १०० वॉटवरून पायरीपायरीनं खाली आणा, प्रत्येक पायरीला आधीचं उत्तर सुरुवात म्हणून द्या. मग खालून वर जा. दोन्ही वाटांनी काढलेली घनता एकाच आलेखावर टाका. जाताना आणि येताना रेषा वेगळ्या दिसल्या, तर ती जाळी एकदा बारीक करून परत काढा, आणि तरीही वेगळ्याच राहिल्या तर तो आलेख प्रबंधात ठेवा. परभणीच्या बाईंचा तोच आलेख आता तिसऱ्या प्रकरणात आहे.